फिटिंगमास्तर आणि घाईतली बाई

नवे कपडे शिवणारे टेलर गल्लीत दोघे होते आणि त्या दोघांनी बिघडवलेलं निस्तरणारा एकच. त्याला सगळे फिटिंगमास्तर म्हणत. दुकानावर पाटी होती, पाटीवर नावही होतं, पण ते खुद्द मास्तरांच्या बायकोला तरी पटकन आठवलं असतं की नाही, शंकाच. कंबर सैल करणं, बाह्या आखूड करणं, चेन बदलणं, लग्नातला कोट विसाव्या वर्षी पुन्हा अंगात बसवून देणं, हे त्यांचं काम. माणूस आत आला की मास्तर आधी त्याच्या खांद्यांकडे बघत, चेहऱ्याचा नंबर नंतर. कोणाचं पोट कधी सुटलं, कोणाचा एक खांदा उतरता आहे, कोण डाएटच्या गप्पा मारून गुपचूप दोन इंच वाढवून घेऊन गेलं, सगळं त्यांना ठाऊक. पण मास्तरांच्या पोटातून त्यातला अर्धा इंचही बाहेर पडत नसे. ते खातं गल्लीतल्या इतरांनी सांभाळलं होतं, आणि चोख सांभाळलं होतं.

अशा सरळ माणसाला एक वेड असतंच. मास्तरांना एका रेकॉर्डचं होतं. एकाच. दुपारी तीन वाजता ते शटर अर्धं खाली ओढायचे, मागच्या खोलीत जायचे, आणि पुढचा तासभर एक जाड आवाजाची बाई सावकाश, अगदी सावकाश, गल्लीभर गात राहायची. हे पंचेचाळीस वर्षं चालू होतं. गल्लीतली मुलं या बाईच्या आवाजात झोपली, मोठी झाली, त्यांची मुलंही झोपली. तिला ऐकून कोणी जागं राहिल्याचं मात्र ऐकिवात नाही.

मास्तरांची बायको त्या रेकॉर्डला सवत म्हणायची. बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे मास्तरांचा मेहुणा, तीन दुकानं सोडून चपला-बुटांचं दुकान चालवायचा. या गाण्याच्या प्रकाराला सोल, म्हणजे आत्मा, म्हणतात, असं मास्तरांनी त्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता की त्यासाठी रेकॉर्ड कशाला, माझ्याकडे रबरी आणि चामडी दोन्ही सोल आहेत. हा विनोद त्याने पुढे इतक्या वेळा केला की शेवटी त्याचाच तळ झिजला. मास्तर समजावून सांगायचे. म्हणायचे, अरे, यात गाणं म्हणायचं नसतं, छातीतून उपसून काढायचं असतं. मागे ऑर्गन, बासगिटार, दोन ट्रंपेट, साथीला तीन बायका. पुढची बाई विचारणार, मागच्या तिघी उत्तर देणार. मेहुणा ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, उत्तर द्यायला त्यांना वेळ किती लागतो हो.

रेकॉर्ड घरात आली ती खांद्यामुळे.

तेव्हा मास्तर सव्वीस वर्षांचे होते आणि दुसऱ्याच्या दुकानात काजं करणं सोडून त्यांनी नुकतंच स्वतःचं दुकान उघडलं होतं. जवळच्या एका रेकॉर्डच्या दुकानाने गाशा गुंडाळला आणि न खपलेला माल खोक्यात भरून फुटपाथवर मांडला. मास्तरांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते थांबले एका कव्हरवरच्या फोटोसमोर. फोटोत एक बाई स्वयंपाकघरातल्या साध्या लाकडी खुर्चीवर बसली होती, चेहरा अर्धा सावलीत, आणि तिच्या झग्याचा डावा खांदा चुकला होता. शिवण मानेकडे ओढत होती, काखेत घडी पडली होती. झगा तिचा नव्हता. कोणाचा तरी मागून आणलेला, मोठा, पाठीमागून चिमट्यांनी आवळलेला. हे सगळं मास्तरांना समोरून बघून कळलं. बाईचा आयुष्यातला पहिला अल्बम, आणि अंगावरचं माप दुसऱ्याचं. त्यांनी रेकॉर्ड उचलली. अल्बमचं नाव होतं ‘खुर्ची तशीच राहू दे’. खोक्याशेजारी एक रेकॉर्डप्लेयर पडला होता, आतला रबरी पट्टा तुटून गेलेला. तोही त्यांनी उचलला.

पट्टा मिळेना. मग मास्तरांनी जे टेलर करेल तेच केलं. गळ्यातली टेप काढून चाकाचा घेर मोजला आणि इलॅस्टिक कापलं, साडेबावीस इंच. टोकं एकावर एक न ठेवता कडेला कड लावून अशी शिवली की बोट फिरवलं तरी शिवण लागू नये. इलॅस्टिक मोटरीच्या पितळी चकतीवर चढून बसायचं आणि निसटायचं, म्हणून ती चकती कानशीने घासून जरा बारीक केली. मग बसलं. सुई उडाली नाही, आवाज थरथरला नाही. त्यांनी मापाच्या वहीत, गिऱ्हाइकांच्या मापांच्या खाली, ‘रेकॉर्डवाली बाई, साडेबावीस’ अशी नोंद केली आणि दर वर्षी त्याच मापाचं नवं इलॅस्टिक शिवून घातलं. आपल्या सगळ्या आयुष्यातली ही सर्वात सफाईची शिवण, असं ते सांगत. त्यात खोटं काही नव्हतं.

त्या वर्षी मास्तरांच्या घरी एक पाळणा आणला होता आणि तीन आठवड्यांनी परत नेऊन दिला होता. त्यावर घरात कोणी बोललं नाही. जिची जीभ एरवी टाळूला लागत नाही त्या गल्लीनेही तेव्हा तोंड मिटून घेतलं. बायको भिंतीकडे तोंड करून पडून असायची आणि मास्तर मागच्या खोलीत त्या बाईसमोर बसायचे. दुसऱ्या बाजूवरचं तिसरं गाणं, तेच, अल्बमच्या नावाचं. ज्याची वाट बघतेय तो येणार नाही हे तिला पक्कं माहीत आहे, तरी ती कोणाला खुर्ची हलवू देत नाही. चाळिशी उलटलेल्या बाईचा आवाज. तिने सगळं बघून झालेलं आहे, तिला कुठे जायचं नाही. मास्तरांना वाटायचं, कोणीतरी मोठं माणूस शेजारी येऊन बसलंय आणि काही विचारत नाहीये. दोन वर्षांनी मुलगी झाली, जगली, मोठी झाली, तिचं लग्नही झालं. मास्तरांचं तीन वाजता बसणं सुटलं नाही.

मध्यंतरी कोणी नाचाच्या गाण्यांच्या चार रेकॉर्ड दिल्या होत्या. मास्तरांनी ऐकून बघितल्या आणि सुस्त आहेत म्हणून मेहुण्याला देऊन टाकल्या. मेहुण्याने त्या आपल्या लग्नात लावल्या आणि नाचून नाचून वऱ्हाडाची चपलांसकट धूळधाण उडाली. यावरून कोणाच्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण उजेड पडायचाही मुहूर्त असतो.

तो आला ग्रंथपालबाईंच्या कोटाच्या बाह्यांबरोबर.

बाई दुपारी साडेतीनला, अर्ध्या शटरखालून वाकून आत आल्या. बाह्या दीड इंच आखूड करायच्या होत्या. मागून आवाज येत होता. मास्तर टाचण्या लावायला लागले आणि बाई कोण गातंय म्हणून विचारून बसल्या. पंचेचाळीस वर्षांत हा प्रश्न विचारणारं हे पहिलं माणूस. मास्तर बोलत सुटले, उजवी बाही टाचून झाली तरी बोलत राहिले, आणि डावी राहून गेली. बाई टाचण्यांसकट घरी गेल्या.

वाचनालयात महिन्यातून एका रविवारी दुपारी एक कार्यक्रम व्हायचा. कोणीतरी एक माणूस आपली आवडती एक रेकॉर्ड आणणार, तिच्याबद्दल बोलणार, मग सगळे मिळून ती ऐकणार. आतापर्यंत डॉक्टर, प्राध्यापक अशी मंडळी बोलून गेली होती. डाव्या बाहीसाठी परत आल्या तेव्हा बाईंनी मास्तरांना पुढचा रविवार दिला. त्यांनी जुनी मासिकं चाळून ठेवली होती. या बाईने आयुष्यात एवढी एकच रेकॉर्ड केली, पुढे ती कुठे गेली कोणाला माहीत नाही, आणि रेकॉर्डवर तेव्हा चारच ओळी छापून आल्या होत्या. त्याही त्यांनी वाचून दाखवल्या. आवाज बरा आहे, साथ उत्तम आहे, पण गाणाऱ्या बाईला कसली तरी घाई झालेली आहे.

मास्तर, ज्यांनी उभ्या जन्मात गिऱ्हाइकाला उलट उत्तर दिलं नव्हतं, लालेलाल झाले. घाई? या बाईला? जिच्या एका ओळीत पँटीची मोहरी दुमडून होते तिला? तो लिहिणारा बहिरा असणार किंवा त्यालाच कुठली गाडी पकडायची असणार. एका माणसाच्या चार ओळींनी बाई कायमची खोक्यात गेली. आता ती खोक्यातून बाहेर काढायची आणि रविवारी सगळ्यांसमोर तिला न्याय मिळवून द्यायचा, हे मास्तरांनी मनावर घेतलं.

त्यांनी अकरा पानं लिहिली. कापड कापायच्या टेबलावर, कागदाखाली खडूची भुकटी, वर चष्मा. अकराच्या अकरा पानांचा सूर एकच: या बाईला घाई नाही, आणि तीच तिची थोरवी. पानं जशी व्हायची तशी गिऱ्हाइकांना ऐकावी लागायची. कमरेला टेप लावलेला माणूस पळणार कुठे? मेहुण्याने तर घरोघर आमंत्रणं केली. ज्यांना दुपारी झोप येत नाही त्यांनी आवर्जून यावं, उशा मिळणार नाहीत, असं सांगत फिरला. बायको म्हणाली, चला, निदान सवतीला चार लोकांत बघायला मिळेल.

गुरुवारी सकाळी मास्तर रेकॉर्ड छातीशी धरून वाचनालयात गेले. यंत्र कसं चालतं ते आधी बघून घ्यावं, एवढ्यासाठीच. वाचनालयाचा प्लेयर नवा, चकाचक. वाचनकक्षात दोन म्हातारे पेपर वाचत होते. बाईंनी रेकॉर्ड ठेवली, दुसरी बाजू, आणि तिसऱ्या गाण्यावर सुई टेकवली.

एक मुलगी गायला लागली.

मास्तरांनी बाईंकडे बघितलं. वाटलं, चुकून दुसरीच रेकॉर्ड लागली. पण शब्द तेच होते. ट्रंपेट तेच, पण चढे आणि टोकदार. ज्या ऑर्गनवर मास्तर पंचेचाळीस वर्षं डोकं टेकून बसले होते तो तुरुतुरु चालला होता. आणि आवाज पातळ, कोवळा, ओळ संपायच्या आत पुढच्या ओळीला धरणारा. मास्तर ताठ होऊन म्हणाले की तुमचं यंत्र फास्ट आहे. बाईंनी वाद घातला नाही. सगळ्यांच्या ओळखीच्या गाण्याची एक रेकॉर्ड आणून लावली. ती बरोबर वाजली, पेपरवाल्यांपैकी एकाने पाय हलवून ठेकाही धरला. मग बाईंनी मास्तरांच्या कव्हरच्या मागच्या बाजूवर बोट ठेवलं. तिसऱ्या गाण्यापुढे लांबी छापलेली होती, तीन मिनिटं पन्नास सेकंद. त्यांनी हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि गाणं पुन्हा लावलं. तीन मिनिटं पन्नास सेकंद.

“तुमच्याकडे किती वेळ चालतं?” बाईंनी विचारलं.

मास्तरांना उत्तर माहीत होतं. त्या गाण्यात ते चार बटणं आणि पाचव्याचा अर्धा टाका लावत. सव्वाचार मिनिटं.

मग घरी येऊन त्यांनी प्लेयर उघडला आणि ती घासलेली पितळी चकती चिमटीत धरून बसले. मोटरीची चकती लहान झाली की वरचं चाक हळू फिरणार. शिलाई मशीनचं चाक जन्मभर पायाने फिरवलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. कळतंही होतं. फक्त इकडचं तिकडे जोडून बघायची वेळ कधी आली नाही, कारण बिघडलंय असं कधी वाटलंच नाही. ज्याने गल्लीतल्या प्रत्येकाच्या कपड्याची चूक काढली त्याने स्वतःच्या घरातल्या चुकीवर दर वर्षी नवं इलॅस्टिक चढवलं.

शुक्रवारी तीन वाजता शटर खाली आलं नाही. गल्लीच्या कानाला ते लगेच लागलं. दोन-तीन जण बटण लावायच्या निमित्ताने डोकावून गेले. मास्तरांनी एका जॅकेटची चेन उलटी बसवून ठेवली होती, आणि त्यांच्या हातून असं आजवर कधी झालं नव्हतं, म्हणून बातमी मोठी झाली. मेहुणा आला, त्याला कारण कळलं, आणि तो हसला नाही. मेहुण्याने न हसणं म्हणजे प्रकरण खरोखर गंभीर.

पेच साधा होता आणि सुटत नव्हता. अकरा पानं खोटी ठरली होती, ते परवडलं असतं. पण त्या चार ओळी लिहिणारा बहिरा नव्हता. बाईला घाई होती. मग मास्तरांना जे आवडलं होतं ते काय होतं? रेकॉर्ड, की बिघाड? ज्या आवाजाने त्यांना त्या वर्षातून बाहेर काढलं तो कोणाचाच नव्हता, कानशीने घासून तयार केलेला होता, असं मानायचं का? आणि रविवारी उभं राहून या रेकॉर्डचं काय सांगायचं?

मुलीला फोनवर कळलं. तिने सोपा मार्ग सुचवला. बाबा, आपला प्लेयर घेऊन जा ना, तुमच्या मशीनवर लावा, भाषण वाचा. कोणाला कळणार आहे? मास्तर म्हणाले, मला. मुलगी म्हणाली, मग नकार कळवून टाका, तब्येत बरी नाही म्हणा. मास्तरांनी त्यावर विचार करतो म्हटलं, आणि ज्यांनी त्यांना ओळखलंय ते सांगतील की तो होकारच होता.

पण शनिवारी सकाळी ग्रंथपालबाई आपल्या घरचा छोटा प्लेयर पिशवीत घालून दारात उभ्या. घेऊन या म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. नाही यायचं तर येऊ नका, म्हणाल्या, पण नीट ऐकून मग ठरवा, एकदाच ऐकलंय तुम्ही ते. मास्तरांनी दुरुस्ती केली, दोनदा. बाई पिशवी ठेवून गेल्या.

यंत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर लागलं, कारण मागच्या खोलीत मास्तर जायला तयार नव्हते. त्यामुळे जे कधी झालं नव्हतं ते झालं. बायको भाजी चिरत तिथेच बसलेली होती. सवतीला तिने कायम भिंतीपलीकडून ऐकलं होतं. गाणं सुरू झालं. तिने सुरी खाली ठेवली.

“अहो,” ती म्हणाली, “ही तर पोरगी आहे.”

मास्तरांनी कव्हरवरचा फोटो जवळ ओढला.

“विशीबाविशीची असेल. मला वाटायचं, कोणीतरी भारदस्त बाई आहे. जिला सगळं येतं.” ती थोडा वेळ ऐकत राहिली. “हिला भीती वाटतेय हो. कोणीतरी मध्येच बंद करेल म्हणून भरभर सांगतेय.”

मास्तरांनी सुई उचलली आणि गाणं परत लावलं. आता त्यांनी ते टेलरसारखं ऐकलं, म्हणजे उलटं करून, आतल्या शिवणीकडून. बाई पुढे पळते, हे खरं. दुसऱ्या कडव्यात ती अर्धा ठोका आधीच पोहोचते. पण तिथे पहिल्यांदा मास्तरांना काहीतरी वेगळं ऐकू आलं. ती पुढे गेल्यावर ड्रमवाला तिला मागे ओढत नाही. तो आपला ठोका किंचित उचलून तिच्यापाशी नेतो. बासगिटारवाला एक सूर गाळतो आणि तिला जागा करून देतो. तिसऱ्या कडव्याच्या आधी तिचा श्वास पुरत नाही, आणि सगळे, ट्रंपेटवाल्यांसकट सगळे, तेवढ्यापुरते थांबतात. केसभर. तिने श्वास घेतला की पुन्हा सुरू. साथीच्या तिघी बायका तर उत्तर देत नाहीतच, त्या तिला धीर देतात. मास्तरांच्या मशीनवर हे सगळं त्या संथपणात बुडून गेलं होतं. जिथे सगळेच रेंगाळतात तिथे कोण कोणासाठी थांबलं हे कळणार कसं?

त्यांनी ते त्या दिवशी आठ वेळा ऐकलं. बायकोने चार वेळा ऐकलं आणि मग भाजी पूर्ण केली. पण पाचव्या वेळी श्वासाची जागा आली तेव्हा ओट्यापाशी उभ्या असलेल्या तिचा हातही थांबला, हे मास्तरांनी बघितलं. त्या वर्षाबद्दल दोघं काही बोलले नाहीत. बायको फक्त एवढंच म्हणाली, की उद्या तो निळा शर्ट घाला, त्याची कॉलर ठीक आहे.

रविवारी वाचनालयात खुर्च्या कमी पडल्या. मेहुण्याच्या आमंत्रणाचा प्रताप. मास्तर निळ्या शर्टात उभे राहिले, अकरा पानांची घडी खिशातच राहिली. आधी त्यांनी चुकीची हकीकत सांगितली, मापासकट, चकतीसकट, काही न लपवता. लोक हसले. इलॅस्टिकला हसले, कानशीला हसले, आणि आपण पंचेचाळीस वर्षं कशावर झोपलो ते कळल्यावर तर गल्लीची मंडळी डोळे पुसेपर्यंत हसली. मास्तरांनी हसणं संपू दिलं. मग त्या चार ओळी लिहिणाऱ्याची जाहीर माफी मागितली, त्याने बरोबरच ऐकलं होतं असं सांगितलं, फक्त तो अर्धंच ऐकून उठला. आणि काय ऐकायचं ते सांगितलं: ती कुठे पळते, आणि तिच्यासाठी कोण कुठे थांबतं. एवढं बोलून ते खाली बसले. भाषण सहा मिनिटांत आटोपलं, हा वाचनालयातला विक्रम होता.

दुसरी बाजू सुरू झाली. सुरुवातीला खोकले, खुर्च्यांचे आवाज. दुसऱ्या गाण्यापर्यंत ते थांबले. तिसऱ्या गाण्यात तिचा श्वास तुटला आणि ट्रंपेट थांबले, तेव्हा खोलीतल्या चाळीस माणसांनीही श्वास धरला असावा, कारण ती पुन्हा गायला लागल्यावर तो सुटलेला ऐकू आला. पेपर वाचणारे दोघे म्हातारे आले होते, त्यातल्या एकाने टोपी काढून मांडीवर ठेवली.

बाजू संपली. सुई मधल्या खाचेत खरखरत राहिली आणि उठून ती उचलायचं कोणाला सुचलं नाही. सगळ्यात आधी बोलला मेहुणा.

“भाऊजी, हे चांगलं आहे हो,” तो म्हणाला, आणि आवाजात खरीखुरी तक्रार होती. “हे खूपच चांगलं आहे. मग आम्हाला इतकी वर्षं काय ऐकवत होतात?”

म्हणजे हिशोब असा निघाला, की त्या बाईला गल्लीत बदनाम करणारा जगात एकच माणूस होता, तो म्हणजे तिचा एकमेव भक्त. हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं आणि मघापेक्षा मोठा हशा उठला. त्यात मास्तरांची बायको पुढे होती.

“तुम्हाला ऐकवतच नव्हतो,” मास्तर म्हणाले. “मी ऐकत होतो. भिंत पातळ होती.”

मेहुणा सोडेना. त्याने विचारलं, आणि आता थट्टेने नाही, की मग खरी कुठली? आणि तुम्हाला आवडत होती ती कुठली?

मास्तरांनी बायकोकडे एकदा बघितलं. ती आपल्या पर्सची चेन लावत होती, लावलेली उघडत होती.

“खरी हीच,” ते म्हणाले. “पण त्या वेळी आम्हाला घरात कोणीतरी मोठं माणूस हवं होतं. या पोरीला तेवढं मोठं व्हावं लागलं. तिला कोणी विचारलं नव्हतं, पण तिने केलं, इतकी वर्षं केलं. आता ती माझ्या मुलीहून लहान आहे. आता मोठं आम्ही व्हायचं.”

ग्रंथपालबाई उठल्या आणि त्यांनी खरखरणारी सुई उचलून बाजूला ठेवली. कार्यक्रम संपल्यासारखं वाटून दोघा-तिघांनी पिशव्या उचलल्या. तेवढ्यात मेहुण्याने आपली खुर्ची प्लेयरच्या जवळ ओढली, टोपीवाल्या म्हाताऱ्याला ओलांडून, आणि तिसरं पुन्हा लावा म्हणाला. बाईंनी मास्तरांना खूण केली, की तुम्हीच लावा, तुम्हाला जागा अचूक माहीत असेल.

मास्तरांनी चष्मा पुसला, वाकून काळ्या तबकडीवरच्या रेघा बघितल्या. मग हात मागे घेतला आणि सुई बाईंनाच ठेवायला सांगितली.

“माझ्या हाताला त्या संथ चालीची सवय आहे,” ते म्हणाले आणि मेहुण्याच्या शेजारी बसले. “हिला मी अजून अकराच वेळा ऐकलंय.”